जकातीचा झाला परवाना

रस्त्यात अडवलेल्या माणसाला सत्ता आजवर दोनच प्रश्न विचारत आली आहे. काय नेतोस, आणि कोण तू? पहिल्याचे उत्तर पैशात चुकते करता येते. त्या वसुलीला आपल्याकडे जकात म्हणत. दुसऱ्याचे उत्तर कागदावर दाखवावे लागते. त्या कागदाला दस्तक म्हणत, पुढे परवाना म्हणू लागले. दोन्ही कामे कधीकधी एकाच चौकीवर चालत, तरी ती दोन वेगळी कामे होती, आणि साध्या वाटसरूला बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाला तोंड द्यावे लागे. आज मोटारीच्या पुढच्या काचेवर आतून चिकटवलेली फास्टॅगची पट्टी हे दोन्ही प्रश्न एका दमात ऐकते आणि दोन्हींची उत्तरे मालकाला न विचारता देऊन टाकते. टोल वळता होतो, आणि त्याच क्षणी अमुक नंबरची गाडी अमुक वाजता अमुक नाक्यावरून गेली, अशी नोंदही होते. या लेखाचा मुद्दा एवढाच, की वसुलीच्या सोयीसाठी आलेल्या या पट्टीने जकातीचा परवाना करून टाकला आहे. 'लोकांच्या प्रवासाची नोंद ठेवायची' असा ठराव करून हा बदल आलेला नाही. तो तंत्राच्या पोटातून आपसूक आला. म्हणूनच तो केवढा आहे हे कळायला जकात आणि दस्तक यांच्या जुन्या वाटा एकदा चालून पाहाव्या लागतात.

मराठेशाहीतली जकात मालावर होती. शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सुभेदाराला पाठवलेले मिठाचे पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशातून, म्हणजे पोर्तुगिजांच्या मुलखातून, येणारे मीठ स्वस्त पडते, त्यामुळे स्वराज्यातल्या मिठाचा व्यापार बुडतो, तेव्हा त्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय. त्यात काळजी आहे ती मिठाच्या भावाची. गोणी वाहणारा कोण, कुठला, कितव्यांदा येतो, याच्याशी त्या पत्राला कर्तव्य नाही. पेशवाईत ही व्यवस्था अधिक फांद्या फुटलेली दिसते. माल भरताना द्यायचे ते थळभरीत, माल विकताना द्यायची ती थळमोड, असे भेद होते; आकारणी पुष्कळदा बैलाच्या ओझ्यावर होई आणि वसुली मक्त्याने दिली जाई. पुण्यात नवी पेठ वसवायची असली, की तिथे येऊन राहणाऱ्या व्यापाऱ्यांना काही वर्षे जकातीत सूट देत. सूट असो की वसुली, हिशेब बैलांचा आणि गोण्यांचा. चौकी ओलांडून बैल पुढे गेला, की चौकीपाशी उरे तो जमेचा आकडा. बैलाचा मालक पुढे कोणत्या गावी थांबला आणि कुणाला भेटला, हे त्या आकड्यातून कुणालाही काढता आले नसते.

याचा अर्थ ती जकात सुखाची होती असा नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या जाचाचे वर्णन सापडते. प्रत्येक परगण्यात वेगळी जकात, जहागीरदारांच्या हद्दीत त्यांची आणखी निराळी; लांबचा माल नेणाऱ्याला पावलोपावली थांबावे लागे. या अडवणुकीतून एक धंदाच उभा राहिला, तो हुंडेकऱ्यांचा. एकदाच ठरावीक रक्कम घ्यायची आणि वाटेवरच्या सगळ्या चौक्यांची जकात आपल्या अंगावर घेऊन माल मुक्कामाला पोचता करायचा, हे हुंडेकऱ्याचे काम. व्यापाऱ्याला चौकीगणिक कमरेची थैली सोडावी लागत नसे. हुंडेकऱ्याची पत चाले. शब्द आजही जिवंत आहे, आडनाव म्हणूनही आणि मालवाहतुकीच्या धंद्यातही. फास्टॅग देणारी बँक आज करते ते काम नेमके हेच: एका खात्यातून देशभरच्या नाक्यांची देणी भागवणे. तेव्हा या सोयीत आपल्याला परके काही नाही, आणि तिला नावे ठेवण्याचेही कारण नाही. प्रश्न आहे तो हुंडेकऱ्याच्या वहीत काय लिहिले जाते, आणि ती वही किती जणांपुढे उघडते, याचा.

दस्तकाची वाट यापेक्षा अगदी निराळी. तिचा सर्वांत कडक नमुना आपल्याच किनाऱ्यावर सापडतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोर्तुगिजांनी अरबी समुद्रात कार्ताझची पद्धत चालू केली. जहाजाने समुद्रात उतरायचे तर त्यांचा हा कागद जवळ हवा. त्यावर जहाज कोणते, तांडेल कोण, जहाज केवढे, शस्त्रे किती, निघणार कुठून, जाणार कुठे, हे सगळे लिहिलेले असे. कागद नसलेले, किंवा कागदाबाहेर वागणारे जहाज धरले जाई. पुढे कान्होजी आंग्र्यांनीही आपल्या दस्तकाचा आग्रह धरला आणि त्यावरून इंग्रजांशी त्यांचे खटके उडाले. कारण दस्तक कुणाचे घ्यायचे या प्रश्नात समुद्र कुणाचा हा प्रश्न दडलेला होता. जमिनीवर याच जातीचे काम कोतवालाकडे असे. पुण्याच्या कोतवालाच्या कामांत शहरात येणाऱ्या आणि शहराबाहेर जाणाऱ्या माणसांची नोंद ठेवणे हेही एक काम होते. जकातीचा कमाविसदार आणि शहराचा कोतवाल ही दोन वेगळी माणसे होती, हे इथे ध्यानात ठेवण्याजोगे. एकाची नजर ओझ्यावर, दुसऱ्याची चेहऱ्यावर. जकात भरली म्हणून कोतवालाच्या वहीत नाव चढत नसे, आणि कोतवालाने नाव लिहिले म्हणून जकात चुकत नसे.

इंग्रजी अमलात या दोन वाटा आणखी फाकल्या, आणि त्या फाकण्यातच आपल्या प्रश्नाचा धडा आहे. अंतर्गत जकातीविरुद्ध सर्वांत गाजलेला अहवाल चार्ल्स ट्रेव्हेल्यन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३४ साली बंगालविषयी लिहिला. मिळणाऱ्या उत्पन्नाच्या मानाने चौक्यांवरची झडती, रवान्याची, म्हणजे मालासोबतच्या परवान्याची, तपासणी आणि त्या नावाखाली चालणारी लाचखोरी लोकांना किती महागात पडते, हा त्याचा रोख होता. बंगालमधली ही जकात १८३६ साली गेली. मुंबई इलाख्यातली १८३८ च्या पहिल्या कायद्याने उठली. म्हणजे मालाची वाट मोकळी झाली. पण तेहतीसच वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि १९११ च्या सुधारित कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करण्याजोगा झाला. ज्या जमाती या यादीत चढल्या त्यांच्या माणसांची नोंदणी, ठरावीक वेळी हजेरी आणि हद्दीबाहेर जायला परवाना. आपल्याकडच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा समाज आहे, हे या संदर्भात फार बोलके आहे. बंजाऱ्यांचे, म्हणजे लमाणांचे, तांडे शेकडो बैलांवर कोकणचे मीठ घाटावर आणि घाटावरचे धान्य दूरदूर नेत. जकातीच्या जुन्या व्यवस्थेत ते रस्त्याचे मोठे गिऱ्हाईक. रेल्वे आणि पक्क्या सडकांनी त्यांचा धंदा मोडला. 'काय नेतोस' असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विचारले जात होते, त्यांना आता 'कोण तू' असे विचारले जाऊ लागले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. माणसाच्या हालचालीची वही एकदा उघडली की ती कशासाठी वापरली जाईल हे वही उघडणारा ठरवत नाही. पुढच्या काळी ती ज्याच्या हाती पडते तो ठरवतो.

रस्त्यांवरचा टोल मात्र जकातीच्याच वळणावर चालत राहिला. मुंबई इलाख्यात १८७५ साली रस्ते आणि पुलांवरच्या टोलचा कायदा झाला. शहरांच्या वेशीवरची नगरपालिकांची जकात तर मुंबईत थेट १ जुलै २०१७ ला, वस्तू आणि सेवा कर येईपर्यंत टिकली. आजही मुलुंडला माणसे चेक नाक्यावर उतरतात. गेल्या पिढीने पाहिलेला टोलनाका याच परंपरेतला: खिडकीतून बाहेर आलेला हात, सुट्या पैशांवरून हुज्जत, सुट्यांच्या बदली हातावर ठेवलेली गोळी, आणि पातळ कागदाची पावती. पावतीवर गाडीचा प्रकार, वेळ आणि रक्कम. परतीची पावती घेतली तर गाडीचा नंबर टिपला जाई, पण त्याचे आयुष्य त्या परतीपुरते. पावती घाटात वाऱ्यावर उडाली, की त्या प्रवासाचा मागही उडाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या माणसाच्या साऱ्या फेऱ्यांची यादी तेव्हा एका जागी कुणाकडेच नव्हती. खुद्द त्याच्याकडेही नव्हती.

या नाक्यात जे तंत्र शिरले त्याची कुळकथा गमतीची आहे, आणि थोडी बोचरीही. १९४५ साली मॉस्कोत सोव्हिएत बालवीरांनी अमेरिकेचे राजदूत अॅव्हरेल हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर टांगली गेली. तिच्या पोटात लिओन थेरेमिन या सोव्हिएत संशोधकाने बनवलेले एक उपकरण होते. त्याला ना बॅटरी होती, ना वायर. बाहेरून त्यावर रेडिओलहरी सोडल्या, की खोलीतल्या बोलण्याप्रमाणे थरथरणारा एक पडदा त्या लहरी बदलून परत पाठवी. लहरी नसतील तेव्हा उपकरण निपचित; म्हणून तपासण्यांतही ते सापडत नव्हते. १९५२ साली ते उघडकीस आले. स्वतःची वीज नसलेली, दुसऱ्याच्या लहरीवर जागी होणारी आणि त्याच लहरीत आपले उत्तर मिसळून परत धाडणारी वस्तू, हेच पुढे रेडिओ-ओळखपट्टीचे, म्हणजे आरएफआयडीचे, सूत्र ठरले. हॅरी स्टॉकमनने १९४८ च्या शोधनिबंधात परावर्तित लहरींनी संदेश धाडण्याची कल्पना मांडली; मारिओ कार्डुलोला १९७३ साली अमेरिकेत स्मृती असलेल्या पट्टीचे पेटंट मिळाले, आणि त्याने सुचवलेल्या पहिल्या उपयोगांत रस्त्यावरचा टोल होता. उगमावरून नदीला दोष देऊ नये हे खरे. पण ज्याच्यावर लहरी पडतात त्याला न कळता उत्तर मिळवणे हा या तंत्राचा मूळ स्वभाव आहे, एवढे त्या राजमुद्रेवरून कळते. पुस्तकांच्या वाचनालयात, कारखान्याच्या गोदामात, मेट्रोच्या कार्डात हा स्वभाव निरुपद्रवी, किंबहुना उपकारक ठरतो. कपड्यातली पट्टी दुकानाबाहेर पडताना कायमची मारून टाकण्याची आज्ञासुद्धा या तंत्राच्या मानकात आहे. टोलच्या पट्टीला मात्र गाडी विकेपर्यंत जिवंत राहावे लागते.

भारतात नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१० साली टोलसाठी बॅटरी नसलेली हीच पट्टी सुचवली, आणि ती शिफारस किंमत आणि टिकाऊपणा पाहता शहाणपणाचीच होती. २०१४ पासून फास्टॅग रस्त्यावर आला. १ डिसेंबर २०१७ नंतर विकल्या जाणाऱ्या नव्या चारचाकींना तो सक्तीचा झाला. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग नसलेल्याला दुप्पट टोल लागू झाला, आणि १ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या टोलनाक्यांवरही तोच नियम आला. काचेवरची पट्टी हाताने चाचपली तर कागदाआड धातूची पातळ नक्षी लागते; ती तिची अँटेना, आणि मधोमध तिळाएवढी चिप. नाक्यावरच्या कमानीतला वाचक ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, चिप त्यावरच जागी होते आणि एक क्रमांक सांगते. त्या क्रमांकात नाव नसते, पत्ता नसतो. क्रमांक नाक्याच्या बँकेकडून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या मध्यवर्ती यादीकडे जातो, तिथे तो कोणत्या बँकेचा, कोणत्या गाडीचा हे जुळते, मग पट्टी देणाऱ्या बँकेतून पैसे वळते होतात आणि मालकाच्या मोबाइलवर संदेश येतो. पट्टी मुकी आहे, बोलते ती यादी. आणि ही यादी ओळखपत्र, मोबाइल क्रमांक आणि वाहननोंदणी यांच्याशी बांधलेली आहे. जुन्या हुंडेकऱ्याच्या वहीत आणि या यादीत फरक पडतो तो इथे. मक्तेदार, बँक, मध्यस्थ संस्था आणि सरकार या चौघांच्या दप्तरांतून एकच प्रवास आता चार सावल्या टाकत जातो.

सावली पडली की तिचा उपयोग कुणीतरी शोधतोच. मालवाहतुकीची ई-वे बिले २०२१ च्या आरंभापासून फास्टॅगच्या नोंदींशी जोडली गेली आहेत. बिल नसलेला ट्रक कोणत्या नाक्यावरून गेला हे कर अधिकाऱ्याला दप्तरात बसून दिसते. गुन्ह्याच्या तपासात पोलीस या नोंदी मागतात. वाहनतळ आणि पेट्रोल पंप हीही या पट्टीची नवी ठिकाणे झाली. यातला प्रत्येक उपयोग सुटा पाहिला तर समजण्यासारखा आहे, काही तर स्तुत्य आहेत. पण सगळे एकत्र पाहिले तर जकातीच्या चौकीवर कोतवाल येऊन बसल्याचे दिसते; आणि तो आला तो मागच्या दाराने, कारण पट्टी सक्तीची करताना सांगितलेले कारण रांगा, इंधन आणि वेळ हे होते.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा: लपवण्यासारखे काही नाही त्याने कशाला भ्यावे? कर नाही त्याला डर कशाला, ही म्हण आपल्या तोंडी आहेच. पण म्हण गृहीत धरते, की 'कर' म्हणजे काय हे आज जे ठरले आहे तेच उद्या राहील. लमाणांच्या तांड्यांनी मीठ वाहताना काही गुन्हा केला नव्हता. गुन्ह्याची व्याख्याच त्यांच्यापर्यंत चालत आली. दुसरे असे, की खासगीपणा हा गुन्हेगाराचाच नव्हे, संसारी माणसाचाही प्रश्न आहे. अमेरिकेत टोलच्या नोंदी घटस्फोटाच्या खटल्यांत पुरावा म्हणून पुढे आल्या. न्यू यॉर्क शहरात टोल नसलेल्या रस्त्यांवरही वाहतुकीचा वेग मोजण्यासाठी टोलच्या पट्ट्या वाचल्या जात होत्या, आणि हे पुष्कळ गाडीवाल्यांच्या गावीही नव्हते. आजारी माणूस कोणत्या इस्पितळाच्या वाटेने जातो, कार्यकर्ता कोणत्या सभेला जातो, पत्रकार कुणाला भेटायला जातो, हे सांगायला त्यांनी बोललेला एक शब्दही लागत नाही. नाका आणि वेळ पुरते. हाँगकाँगने हे फार आधी ओळखले. १९८३ ते १९८५ या काळात तिथे सुमारे अडीच हजार गाड्यांच्या पोटाला इलेक्ट्रॉनिक पाट्या लावून रस्तावापराची आकारणी करून पाहिली. तंत्र चांगले चालले. पण कुठे, केव्हा गेलो याची नोंद सरकारकडे राहणार, हे लोकांना रुचले नाही. ते शहर चीनच्या हवाली करण्याचा करार याच काळात, १९८४ साली, झाला होता. त्या वेळच्या सरकारवरचा अविश्वास हे त्या विरोधाचे एकमेव कारण नव्हते. ही नोंद उद्या कुणाच्या हाती पडेल, हाही विचार त्यात होता. योजना गुंडाळावी लागली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खिशातला मोबाइल दर घडीला मनोऱ्यांशी बोलतो, चौकाचौकात नंबरपाटी वाचणारे कॅमेरे आहेत. मग एकट्या पट्टीवर राग का? यातले तथ्य मान्य करायला हवे: पट्टी उद्या काढून टाकली तरी कॅमेरा राहील. पण घराला एक खिंडार आहे म्हणून दुसरे पाडायला हरकत नाही, असे कुणी म्हणत नाही. शिवाय या साधनांत आणि पट्टीत एक भेद आहे. मोबाइल घरी ठेवून निघता येते. नंबरपाटी रस्त्यावर सगळ्यांना दिसते, पण ती बँकखात्याला जोडलेली नाही. फास्टॅग हा सार्वजनिक रस्त्याच्या वापराची अटच झाला आहे, आणि त्यातली नोंद पैशाच्या व्यवहाराची असल्यामुळे ती पुरावा म्हणून अधिक पक्की ठरते. उलट पट्टीसाठी जे नियम आज होतील तेच उद्या कॅमेऱ्याला लावता येतील. सुरुवात कुठून तरी करायची तर जिथे नागरिक पैसे मोजतो तिथून करणे सोपे, कारण तिथे हिशेब मागण्याचा त्याचा हक्क कुणी नाकारू शकत नाही.

तिसरा आक्षेप खास महाराष्ट्राचा आहे, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. रोख वसुलीच्या काळात टोल हे संशयाचे दुसरे नाव होते. किती गाड्या गेल्या, किती जमा झाले, रस्त्याचा खर्च कधीच वसूल होऊनही नाका का उभा आहे, या प्रश्नांवर इथे वर्षानुवर्षे आंदोलने झाली. कोल्हापूरकरांनी तर शहरातला टोल लढून घालवला. पट्टी आल्यामुळे प्रत्येक गाडीची नोंद राहते, मक्तेदाराला आकडा दडवता येत नाही, मग या नोंदींना विरोध म्हणजे जुन्या लुटीला वाट नव्हे काय? उत्तर असे, की मक्तेदाराला पकडायला गाड्यांची मोजणी लागते, गाडीवाल्याचे नाव लागत नाही. किती बैल गेले हे मोजायला बैलाच्या मालकाचे कूळ विचारावे लागत नव्हते. ही दोन कामे वेगळी ठेवता येतात, हे सिंगापूरने दाखवून दिले. तिथे सप्टेंबर १९९८ पासून सुरू झालेल्या आकारणीत गाडीतल्या यंत्रात आधी पैसे भरलेले कार्ड घालायचे; कमानीखालून जाताना रक्कम त्या कार्डातून कापली जाई, मध्यवर्ती खात्याची गरज नसे. नाव फुटे ते पैसे न भरता जाणाऱ्याचे. डेव्हिड चॉम या संगणकशास्त्रज्ञाने तर १९८० च्या दशकातच असे गणित मांडले होते, की देणाऱ्याची ओळख न उघडता नाण्याचा खरेपणा सिद्ध व्हावा. तेव्हा नाव न घेता टोल घेणे अशक्य आहे, ही सबब चालत नाही. आपल्याकडे मात्र उलटे घडले: प्रवाशाची खडान्‌खडा माहिती जमली, आणि मक्तेदाराच्या जमेचा हिशेब मागायला माहिती अधिकाराचे अर्ज करावे लागले. प्रवासी काचेत आणि मक्तेदार पडद्याआड, ही मांडणी पारदर्शकतेची म्हणता येणार नाही.

चौथा आक्षेप गुन्ह्याचा. पळवलेले मूल, चोरलेली गाडी, ठोकरून पळालेला ट्रक, यांचा माग लावताना नाक्याची नोंद कामी येते आणि यावी. तिला कुणाची हरकत नसावी. हरकत आहे ती मुदत नसलेल्या साठ्याला आणि दार नसलेल्या कोठाराला. गेल्या आठवड्यातल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांच्या सगळ्यांच्या फेऱ्या साठवून ठेवाव्या लागत नाहीत. आणि नोंद मागणाऱ्याने कारण लिहून द्यावे, कुणीतरी स्वतंत्र अधिकाऱ्याने ते तपासावे, यात तपास अडत नाही, फक्त कुतूहल अडते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ साली, व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट सरकारनेच आपल्यासाठी ठेवली आहे. म्हणजे बँकेला कुलूप लावायला सांगितले, आणि कोतवालाच्या हाती किल्ली राहू दिली.

शेवटचा आक्षेप इतिहासावरच आहे. जुना नाका विसराळू होता तो काही थोर तत्त्वामुळे नव्हे. त्याला लक्षात ठेवणे जमतच नव्हते. पेशव्यांना जमले असते तर त्यांनीही बैलामागून माणूस टिपला असता. हे अगदी खरे, आणि माझा मुद्दा याच्यावरच उभा आहे. इतके दिवस वाटसरूचे रक्षण कागद, शाई आणि कारकुनाच्या आळसाने केले. सगळ्यांच्या सगळ्या फेऱ्या लिहायच्या तर जेवढे वाटसरू तेवढे कारकून लागले असते. त्यामुळे परवाना ज्याच्यावर संशय त्याच्यापुरता राहिला आणि बाकीच्यांना जकातीवर सोडले गेले. त्या कारकुनाची मजुरी चिपने जवळजवळ शून्यावर आणली. जे रक्षण असमर्थतेने आपोआप मिळत होते, ते आता कायद्याने मुद्दाम द्यावे लागेल. दिले नाही तर ते उरणारच नाही. जुन्या काळाची हळहळ करण्याचे यात कारण नाही. कमाविसदार आणि कोतवाल वेगळे असण्यातली जी सोय आपल्याला फुकट मिळाली होती, तिची किंमत ओळखण्याचा हा प्रश्न आहे.

ती किंमत आज नाक्यावर लिहिलेलीही आहे, फक्त वेगळ्या नावाने. पट्टी नसेल तर रोखीने दुप्पट. ती रांग लांबवल्याची शिक्षा म्हणून सांगितली जाते, आणि तिच्यातला काही भाग तसा असेलही. पण रोख नोटेला नाव नसते; त्यामुळे त्या दुपटीतला उरलेला भाग, कुणी म्हणो न म्हणो, नाव न सांगता जाण्याची जकात आहे. जकात बसवायची तर ती कशावर, किती आणि कुठवर, हे उघड सांगण्याची रीत आहे. म्हणून तर टोलनाक्याच्या अलीकडे मोठा फलक असतो: कोणत्या गाडीला किती दर, कुणाकुणाला सूट. त्या फलकावर आणखी तीन ओळींना जागा आहे: तुमच्या जाण्याची नोंद किती दिवस ठेवली जाते, ती कोण पाहू शकतो, आणि नाव न देता याच दरात जायचे असेल तर कोणत्या मार्गिकेत शिरायचे. दराची ओळ वाचून माणसे भांडतात, मोर्चे काढतात, टोल रद्द करून घेतात. या तीन ओळी तिथे नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर अजून भांडण नाही.